सवय नसलेले ओझे

अग्निशमन दलाचा जवान सर्वांत जास्त वेळा जखमी कुठे होतो, असे विचारले तर कुणीही धुराने भरलेली खोली किंवा कोसळते छत असेच उत्तर देईल. अमेरिकेत ॲरिझोना राज्यातल्या टूसॉन शहराच्या दलातील २००४ ते २००९ या काळातल्या दुखापतींच्या नोंदी संशोधकांनी तपासल्या, तेव्हा उत्तर निराळे निघाले. जवळजवळ एक तृतीयांश दुखापती व्यायाम करताना झालेल्या होत्या. सुमारे सहावा हिस्सा रुग्णाला उचलून नेताना झाला होता. प्रत्यक्ष आगीच्या जागी झालेल्या दुखापती दहात एक एवढ्याच होत्या. त्यातही भाजणे आणि गुदमरणे यांपेक्षा मुरगळणे, लचकणे, स्नायू ताणला जाणे हेच प्रकार पुष्कळ. हे आकडे वाचून एखाद्या अधिकाऱ्याच्या मनात येईल, की मग व्यायामच थोडा कमी करावा. पण याच दलाचा पुढचा अभ्यास २०१४ मध्ये आला आणि त्याने ही वाट बंद केली. ज्या जवानांचा दम कमी होता, त्यांना दुखापत होण्याचा धोका सर्वांत दमदार गटाच्या दुपटीहून जास्त निघाला. म्हणजे व्यायामाने माणूस जखमी होतो, आणि व्यायाम न केल्याने त्याहून अधिक होतो.

या दोन गोष्टी एकमेकींच्या विरोधात वाटतात, पण तशा त्या नाहीत. शरीराला ज्या भाराची सवय आहे आणि ज्या भाराची मागणी एकाएकी होते, त्या दोहोंमधल्या अंतरात दुखापत होते. सहा महिने काही न केलेला माणूस कवायतीच्या स्पर्धेसाठी पंधरा दिवसांत तयार व्हायला निघतो, तेव्हा हे अंतर मैदानावरच उघडे पडते. ज्याने वर्षभर काहीच केले नाही, त्याच्या बाबतीत ते चौथ्या मजल्याच्या जिन्यात उघडे पडते. दोन्हीकडे दोष भाराचा कमी आणि सवयीच्या अभावाचा जास्त. म्हणून दुखापत टाळण्याचा उपाय जपून राहण्यात, पट्टे बांधण्यात किंवा मलम चोळण्यात शोधू नये. भार नियमित आणि पायरीपायरीने चढवत नेणे, आणि तो चढला की उतरू न देणे, हाच खरा उपाय. कबड्डीपटू असो, पोलीस भरतीसाठी १६०० मीटर धावणारा तरुण असो की अग्निशमन जवान, तत्त्व एकच आहे. अमलात आणताना मात्र फरक पडतो.

खेळाडूला सामन्याची तारीख ठाऊक असते. तो तीन महिने आधी मेहनत वाढवतो, सामन्याच्या आठवड्यात कमी करतो, मैदानात उतरण्यापूर्वी अर्धा तास अंग मोकळे करतो. जवानाला यातले काहीच मिळत नाही. घंटा रात्री दोनला वाजते आणि झोपेतून उठलेला माणूस दोन-तीन मिनिटांत अंगावर पोशाख, पाठीवर बीए सेट म्हणजे श्वसनयंत्र, हातात अवजारे असे वीस-पंचवीस किलो घेऊन पळू लागतो. पाण्याने भरलेल्या होजचेच पाहा. ६३ मिलिमीटर व्यासाच्या, १५ मीटर लांबीच्या एका होजमध्ये सुमारे ४७ लिटर पाणी मावते, म्हणजे होजचे स्वतःचे वजन सोडून ४७ किलो. तो जिन्यातून वळवून ओढायचा. इथे वॉर्म-अपला वेळ नाही, म्हणून जवानाने खेळाडूसारखे एका दिवसासाठी शिखर गाठण्याचे ध्येय ठेवू नये. त्याला शिलकीची गरज आहे. कामाला लागते त्यापेक्षा बरीच जास्त ताकद आणि दम रोज अंगात असला, तर थंड अंगानेही भार झेलता येतो. भरतीची मैदानी चाचणी पार करणे ही फक्त सुरुवात असते. आपल्याकडे अनेकांची तयारी नेमणूकपत्र हाती पडले की संपते, आणि तिथूनच अंतर वाढू लागते.

आता पुरावा. व्यायामापूर्वी हातपाय ताणून घेतले की दुखापत टळते, ही समजूत शाळेच्या पीटीच्या तासापासून आपल्या डोक्यात बसलेली आहे. ऑस्ट्रेलियाच्या लष्करात १५३८ नव्या रंगरुटांवर तिची चाचणी झाली आणि निष्कर्ष २००० मध्ये प्रसिद्ध झाले. निम्म्या रंगरुटांनी प्रत्येक व्यायामाआधी पायांचे स्नायू ताणून घेतले, उरलेल्यांनी नाही. पायांच्या दुखापतींत लक्षणीय फरक पडला नाही. फरक पडला तो भरतीवेळी कोण किती तंदुरुस्त होते यामुळे. वीस मीटरच्या शटल धावेत मागे पडलेल्यांना दुखापती कितीतरी जास्त झाल्या. २०१४ मध्ये एका डॅनिश गटाने अशा पंचवीस चाचण्या एकत्र करून पाहिल्या. त्यांत स्ट्रेचिंगचा संरक्षक परिणाम दिसला नाही, तर ताकदीच्या व्यायामाने खेळातल्या दुखापती एक तृतीयांशाच्याही खाली आल्या. अतिवापराने होणाऱ्या दुखापती जवळजवळ निम्म्या झाल्या. स्ट्रेचिंग वाईट नाही, सांधे मोकळे राहतात, बरेही वाटते. पण दहा मिनिटे ताणून घेतले म्हणजे सुरक्षित झालो, या भ्रमात ताकदीचा व्यायाम राहून जातो, आणि हे नुकसान मोठे आहे.

मग वॉर्म-अप करायचा तरी कसा? फुटबॉलसाठी तयार झालेला फिफा ११ प्लस हा वीस मिनिटांचा कार्यक्रम इथे उपयोगी पडतो. त्यात हलके धावणे, एका पायावर तोल सांभाळणे, पोट-कमरेची ताकद, उडी मारून गुडघा आत न झुकू देता उतरणे आणि दिशा बदलून पळणे एवढेच असते. नॉर्वेत १३ ते १७ वर्षांच्या मुलींच्या संघांवर त्याची मोठी चाचणी झाली. २००८ च्या त्या निष्कर्षांनुसार एकूण दुखापती सुमारे एक तृतीयांशाने कमी झाल्या, गंभीर दुखापतींत घट त्याहून मोठी होती. यातले फुटबॉलपुरते असे फारसे काही नाही. कबड्डीच्या चढाईत मध्यरेषेकडे परतताना एकदम थांबून वळणे, खो-खोत खांबाशी दिशा बदलणे, बंबावरून उतरून ओल्या फरशीवर पळणे, सगळीकडे गुडघ्यावर आणि घोट्यावर तोच ताण येतो. अट एकच, सातत्य. आठवड्यातून दोन-तीनदा, हंगामभर. सामन्याच्या आदल्या दिवशी एकदाच केलेल्या अकरा प्लसने काही साधत नाही.

मांडीच्या मागच्या स्नायूसाठी एक व्यायाम इतका सोपा आणि इतका परिणामकारक आहे, की तो आपल्या मैदानांवर का दिसत नाही याचे नवल वाटते. त्याला नॉर्डिक म्हणतात. सतरंजीवर गुडघे टेकून उभे राहायचे. सोबत्याने मागून दोन्ही घोटे घट्ट धरायचे. गुडघ्यापासून खांद्यापर्यंत अंग एका रेषेत ठेवून पुढे झुकत जायचे, जमेल तितके सावकाश, आणि अगदीच धरवेना झाले की हातांवर पडायचे. हातांनी ढकलून पुन्हा वर. पडण्याचा वेग रोखताना स्नायू लांबत लांबत काम करतो, आणि जोरात पळताना तो नेमका याच अवस्थेत फाटतो. हा व्यायाम असलेल्या कार्यक्रमांनी त्या स्नायूच्या दुखापती सुमारे निम्म्याने कमी केल्याचे वेगवेगळ्या चाचण्या एकत्र करून दिसले आहे. पण पहिल्याच दिवशी तीस वेळा केलात तर चार दिवस जिना उतरता येणार नाही. डेन्मार्कच्या फुटबॉलपटूंवरील चाचणीत सुरुवात पहिल्या आठवड्यात एकदाच, पाच-पाचच्या दोन फेऱ्यांनी झाली होती, आणि पूर्ण मात्रेपर्यंत जायला कित्येक आठवडे घेतले होते. तेच प्रमाण धरा. लागते काय, तर एक सतरंजी आणि एक सोबती.

साधने नाहीत, ही तक्रार खरी आहे. पण केंद्रावर जिना असतो, दोर असतो, जुने होज असतात, आणि वीस लिटरचे पाण्याचे जार तर सगळीकडेच. दोन भरलेले जार दोन हातांत घेऊन ताठ चालणे हा पकड, खांदे आणि कंबर यांचा उत्तम व्यायाम आहे. वाळू भरलेले पोते जमिनीवरून छातीशी घेणे म्हणजे बेशुद्ध माणसाला उचलण्याचीच तालीम. त्यात वजन शरीरालगत ठेवणे आणि कंबरेतून गोल न होता नितंब-गुडघ्यांतून उठणे हे शंभरदा गिरवले, तर खऱ्या वेळी उसण भरण्याची शक्यता घटते. जुना होज गुंडाळून, दोराला बांधून, हात आलटून पालटून स्वतःकडे ओढा. आठवड्यात दोन दिवस असे ताकदीचे, दोन दिवस दमाचे, आणि एक दिवस प्रत्यक्ष कामासारखा, म्हणजे जिना चढणे, होज ओढणे आणि माणसाऐवजी पुतळा उचलून नेणे एका दमात. जिन्याचा सराव आधी मोकळ्या अंगाने, मग दहा किलोच्या पिशवीसह, मग पूर्ण पोशाखात, आणि शेवटी बीए सेटवर श्वास घेत. या चार पायऱ्यांना मिळून आठ-दहा आठवडे द्या. दमाची मोजपट्टी हवी असेल तर बारा मिनिटांत सपाट मैदानावर किती पळता ते पाहा. २४०० मीटर म्हणजे शरीराच्या दर किलोमागे मिनिटाला ४२ मिलिलिटरच्या आसपास प्राणवायू वापरण्याची क्षमता, आणि ब्रिटन-अमेरिकेत अग्निशमनासाठी किमान अपेक्षा साधारण एवढीच धरतात. केनेथ कूपर या अमेरिकी वायुदलातल्या डॉक्टरांनी १९६८ मध्ये मांडलेली ही चाचणी आजही फुकट आणि बऱ्यापैकी विश्वासार्ह आहे.

भार किती वेगाने चढवायचा? आठवड्याला दहा टक्क्यांहून जास्त नाही, असा एक नियम धावणाऱ्यांमध्ये मंत्रासारखा म्हटला जातो. नेदरलँड्समध्ये ५३२ नवख्या धावपटूंवर तो तपासला गेला. दहा टक्क्यांनी सावकाश वाढवणाऱ्यांत आणि नेहमीच्या वेगाने वाढवणाऱ्यांत, दोन्ही गटांत साधारण पाचातला एक जण जखमी झाला. मग हळूहळू चढवण्याचा आग्रह पोकळ ठरत नाही का? मला तसे वाटत नाही. त्या चाचणीतला ‘वेगवान’ गटसुद्धा आठ आठवड्यांचा आखीव कार्यक्रम करत होता. सिद्ध झाले ते एवढेच, की दहा या आकड्यात जादू नाही. जाहिरात निघाल्यावर शून्यातून उठून रोज डांबरी रस्त्यावर सहा किलोमीटर पळणाऱ्या भरतीच्या मुलांची गोष्ट वेगळी. त्यांची वाढ दहा टक्के नाही आणि वीसही नाही, ती सरळ उडी असते. नडग्या दुखू लागतात, मुले क्रेप बँडेज बांधून पळत राहतात, आणि काहींच्या हाडाला बारीक चीर जाते. त्यांनी आकड्यापेक्षा आपल्या नडगीला विचारावे. दुखणे स्नायूभर पसरलेले असेल आणि दुसऱ्या सकाळपर्यंत विरत असेल तर सराव थोडा हलका करून चालू ठेवा. एका बोटाने दाखवता येईल अशा जागी हाड दुखत असेल, रात्री ठणकत असेल, तर पळणे थांबवून अस्थितज्ज्ञाकडे जा.

जवानांमध्ये हमखास ऐकू येणारा आक्षेप असा, की आमचे कामच व्यायाम आहे, वेगळा कशाला? याचे उत्तर हृदयाच्या आकडेवारीत आहे. अमेरिकेत १९९४ ते २००४ या काळात कर्तव्यावर मरण पावलेल्या अग्निशमन जवानांपैकी ३९ टक्के हृदयधमन्यांच्या विकाराने गेले. आग विझवण्यात त्यांचा एकूण वेळ एक ते पाच टक्केच जातो, पण या हृदयमृत्यूंपैकी ३२ टक्के त्या वेळात झाले. घंटा वाजल्यावर केंद्रातून निघण्याच्या काळातही धोका आणीबाणी नसतानाच्या कामांच्या तुलनेत कित्येक पट होता. अर्थ स्पष्ट आहे. हे काम म्हणजे दीर्घ बैठ्या वेळेत अधूनमधून येणारे प्रचंड श्रम. असल्या श्रमांनी हृदय तयार होत नाही, त्यांच्यासाठी ते आधी तयार असावे लागते. इंडियाना राज्यातल्या ११०४ जवानांचा दहा वर्षे माग ठेवणारा एक अभ्यास २०१९ मध्ये गाजला. एका दमात चाळीसहून अधिक पुश-अप्स काढणाऱ्यांत हृदयविकाराच्या घटना दहाही न जमणाऱ्यांपेक्षा ९६ टक्के कमी होत्या. अशा घटना एकूण ३७ च असल्याने या आकड्यावर फार भार टाकू नये. जोर काढल्याने धमन्या साफ होतात, असेही तो सांगत नाही. जोर हे एकूण तंदुरुस्तीचे स्वस्त लक्षण आहे, एवढेच. चाळिशीपुढच्या जवानाने मात्र रक्तदाब, साखर, कोलेस्टेरॉल आणि स्ट्रेस टेस्ट करून मगच जोराचा व्यायाम सुरू करावा, कारण ज्याला सवय नाही त्याला पहिला भारच सर्वांत धोक्याचा.

दुसरा आक्षेप तालमीतून येतो. आमचे वस्ताद जोर-बैठका मारून ऐंशीव्या वर्षी ताठ होते, हे नॉर्डिक-बिर्डिक कशाला? जोर-बैठकांची पद्धत मुळात याच तत्त्वावर उभी आहे. पंचवीसपासून सुरू करून वर्षा-दोन वर्षांत पाचशेपर्यंत नेणे म्हणजे पायरीपायरीने भार चढवणेच. बिघडते ते पद्धत सोडून आकड्याची ईर्ष्या धरल्यावर. शिवाय जोर-बैठकांत ओढण्याची आणि ओझे धरून चालण्याची क्रिया नाही, आणि होज ओढणाऱ्याला तीच लागते. दोर चढणे आणि जार उचलणे त्यात मिळवा, बाकी तालीम आहे तशी राहू द्या. एक गोष्ट मात्र तालमीतून हद्दपार व्हायला हवी. वजन उतरवण्यासाठी प्लॅस्टिकचे कपडे घालून घाम काढण्याची सवय जीवघेणी आहे. त्याने चरबी जात नाही, पाणी जाते आणि अंग आतून तापते.

तापण्याचा प्रश्न आपल्या हवेत विशेष मोठा आहे. अग्निशमन सेवा सप्ताह येतो १४ एप्रिलपासून, कारण १९४४ मध्ये त्या दिवशी मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत फोर्ट स्टिकाईन जहाजाचा स्फोट झाला आणि ६६ जवान कामी आले. कवायतींची लगबग त्यामुळे ऐन उन्हाळ्यात होते. किनारपट्टीच्या दमट हवेत घाम गळतो पण वाळत नाही, आणि जाड पोशाखात तर मुळीच नाही. उन्हाची सवय व्हायला दहा-चौदा दिवस लागतात, तेवढे दिवस पोशाखातला सराव थोडा थोडा वाढवा, सकाळी लवकर घ्या. सराव किंवा कॉल संपला की पोशाख उघडा, सावलीत बसा, आणि कोपरापर्यंतचे हात गार पाण्याच्या बादलीत दहा-पंधरा मिनिटे बुडवून ठेवा. हातांतले रक्त गार होऊन परतते आणि अंग लवकर निवते. असंबद्ध बोलणारा, अडखळणारा सहकारी दिसला तर त्याला नुसते पाणी पाजत बसू नका. ताबडतोब अंगावर गार पाणी ओता, वारा घाला आणि रुग्णालयात हलवा.

राहिली दुखापतीनंतरची घाई. पुढच्या दुखापतीची सर्वांत मोठी पूर्वसूचना म्हणजे मागची दुखापत, आणि ती अर्धवट बरी असताना परतणारे पुन्हा तिथेच अडकतात. गुडघ्याचा एसीएल अस्थिबंध शस्त्रक्रियेने बसवलेल्या खेळाडूंवर नॉर्वेत झालेल्या अभ्यासात, मैदानावरचे पुनरागमन लांबवलेल्या प्रत्येक महिन्यागणिक, नऊ महिन्यांपर्यंत, पुन्हा दुखापत होण्याचे प्रमाण निम्म्याने घटत गेले. कबड्डीत स्थानिक स्पर्धेसाठी सहाव्या महिन्यात मुलाला उतरवणाऱ्या प्रशिक्षकांनी हा आकडा भिंतीवर लिहून ठेवावा. महिने मोजणेही पुरेसे नाही. दुखऱ्या पायाची एका पायावरची उडी चांगल्या पायाच्या किमान नव्वद टक्के अंतर कापत नसेल, तर नऊ महिने झाले असले तरी थांबा. जवानांसाठी याहून साधी खबरदारी आहे. बंबावरून उतरताना रस्त्याकडे तोंड करून उडी टाकू नका. गाडीकडे तोंड, हातात दांडी, एकेक पायरी. गुडघ्यावरचा आघात बराच कमी होतो आणि वेळ जातो तो दोन सेकंदांचा.

हे सगळे एकेकट्या जवानाच्या चिकाटीवर सोडले तर टिकणार नाही. रात्रभर कॉलवर असलेल्याला सकाळी हलका व्यायाम आणि झोप, इतरांना चाळीस मिनिटांचा सराव, अशी नोंद ड्युटीच्या तक्त्यातच हवी. आणि केंद्राच्या रजिस्टरमध्ये लचकण्या-मुरगळण्यासकट प्रत्येक दुखापत तारीख, वेळ आणि कामासह लिहायला हवी. टूसॉनमध्ये एक तृतीयांश दुखापती व्यायामातल्या आहेत हे कळले, कारण तिथे त्या लिहिल्या गेल्या होत्या. तुमच्या केंद्रावर, तुमच्या संघात असे रजिस्टर नसेल तर या महिन्यात सुरू करा.